बिऱ्हाड हलवितांना

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. फिरतीच्या नोकरीवर असलेल्या गृहस्थास उद्देशून ती पुष्कळदां चेष्टेनें योजितात. परंतु थोडा विचार केला असतां असें दिसून येईल कीं, विंचवाची स्थिति त्या गृहस्थापेक्षां पुष्कळच सुखाची आहे. विंचवाला वृद्ध आई नसते, शाळेंत जाणारीं मुलें नसतात, माळ्यावर ठेवलेलीं पितळेचीं पातेलीं नसतात, आणि "आतां आपल्या देवांची सोय कोठें?" असें विचारणारेंही कोणी नसतें. संसारी माणसास बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग आयुष्यांत दोनचार वेळां तरी येतोच. आणि तो आला कीं पहिली तयारी म्हणून तो खोकीं व सुतळी जमवूं लागतो. आम्हींही एकदां असेंच केलें होतें. त्या वेळीं आमच्या हातून जी चूक घडली ती इतर कोणाच्या हातून घडूं नये, एवढ्याच हेतूनें आम्ही हा लेख लिहीत आहों.

पूर्वींचे लोक एकाच घरांत जन्मत व त्याच घरांत डोळे मिटीत, अशी एक समजूत आहे. ती सर्वस्वी खरी नाहीं. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें कहर केला तेव्हां, व पुढेंही ती सांथ जेव्हां जेव्हां उलटे तेव्हां तेव्हां, कित्येक कुटुंबें गांवाबाहेर झोपड्या बांधून राहात. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्यामागोमाग खडकवासल्याचेंही फुटलें, आणि मुठेच्या पाण्यानें नदीकांठच्या पेठांतील हजारों संसार एका दिवसांत उघड्यावर आणले. ह्या दोन्ही प्रसंगीं माणसें घरांतून निघालीं तीं जीव घेऊन. काय न्यावें आणि काय ठेवावें ह्याचा विचार करण्यास सवडच नव्हती. हल्लींचें स्थलांतर निराळ्या प्रकारचें आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रणाच्या कायद्यानें घरभाडीं जागच्या जागीं थिजलीं, मालकांस डागडुजी परवडेनाशी झाली, वाडे खचत गेले व त्यांच्या जागीं इमारती उठल्या. त्या इमारतींपैकीं ज्या चाळीसपन्नास वर्षांच्या झाल्या, त्याही पाडून नव्या बांधण्याचा क्रम आतां पुण्यामुंबईस सुरू आहे. असें स्थलांतर सहा महिने, वर्षभर आधीं ठाऊक असतें. विचार करण्यास भरपूर सवड असते. अर्थात् चूक झालीच तर ती पुराच्या पाण्यावर ढकलतां येत नाहीं.

आमचें बालपण सदाशिव पेठेंतील एका वाड्यांत गेलें. तेथून १९९४ च्या मे महिन्यांत आम्ही कोथरूड येथें तिसऱ्या मजल्यावरील एका फ्लॅटांत राहावयास गेलों. घरांत आम्ही दोघे बंधु, आमचीं कुटुंबें, मुलें, आमच्या मातोश्री, आणि वडिलांच्या थोरल्या भगिनी, ज्यांना आम्ही सर्व आत्याबाई म्हणत असूं. आत्याबाई तेव्हां अठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लहानपणींच वैधव्य आल्यामुळें त्या माहेरीं परत आल्या होत्या व साठ वर्षांवर त्याच वाड्यांत वावरत होत्या.

सामान बांधण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें होतें, आणि तें आम्हीं चोख केलें असें आजही म्हणावेंसें वाटतें. एकंदर बासष्ट खोकीं झालीं; प्रत्येक खोक्यावर आंकडा घातला, व त्या आंकड्यापुढें आंत काय आहे ह्याची वहींत नोंद केली. कपाचा एक कानदेखील तुटला नाहीं. संध्याकाळीं शेवटची खेप वर आली तेव्हां आम्हीं वही मिटली, आणि एक मोठें कार्य तडीस नेल्याच्या समाधानांत चहा घेतला.

त्या वहींत आत्याबाईंची नोंद नव्हती. वाड्यांत त्यांची जागा ठरलेली असे, ती माजघराच्या खिडकीशीं. तेथें बसून त्या भाजी निवडीत, वाती वळीत, आणि दिंडीदरवाजानें कोण आलें, कोण गेलें हें पाहात. घरांत कोणाचें कांहीं हरवलें, कोणाला कांहीं विचारावयाचें झालें, कीं त्या खिडकीशीं जावें हा आमचा सर्वांचा नेम. नव्या घरांत आम्हीं त्यांना सर्वांत हवेशीर आणि शांत अशी मागची खोली दिली, व आपण त्यांची उत्तम व्यवस्था केली असें मानलें. त्या खोलींत कोणाचें येणेंजाणें नव्हतें. वाड्यांत रात्रीं उठल्यावर त्या डाव्या हाताला वळत; साठ वर्षांची संवय ती. नव्या घरांत तिसऱ्या रात्रीं त्या उठल्या, आणि अंधारांत डाव्या हातालाच वळल्या. तेथें गॅलरीचा उंबरा होता. त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, परंतु त्यानंतर आधारावांचून त्या कधींच चालल्या नाहींत, आणि दीड वर्षानें गेल्या. अंथरुणावर पडल्या पडल्या त्या एकदां आम्हांला म्हणाल्या, "घर बदललंत तें ठीकच केलंत रे. पण माझ्या पायांना सांगायचं राहिलं." त्यांच्या स्वरांत तक्रार नव्हती. ती असती तर कदाचित् आम्हांला अधिक बरें वाटलें असतें.

ह्या प्रसंगानंतर कित्येक वर्षांनीं आमच्या वाचनांत एक गोष्ट आली. थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे ह्या दोघां अमेरिकन मानसोपचार-तज्ज्ञांनीं १९६७ सालीं त्रेचाळीस प्रसंगांची एक यादी प्रसिद्ध केली, व प्रत्येक प्रसंगाचा मनावर पडणारा भार गुणांनीं दाखविला. पति किंवा पत्नीच्या मृत्यूस त्यांनीं १०० गुण दिले आहेत, विवाहास ५०. आणि राहण्याची जागा बदलण्यास अवघे २०. हा आंकडा पाहून प्रथम आम्हांला हंसूं आलें. पण यादी पुढें वाचीत गेलों तसा त्यांतील अर्थ ध्यानांत आला. राहणीच्या परिस्थितींत फरक पडला तर २५, वैयक्तिक संवयी मोडाव्या लागल्या तर २४, करमणुकींत बदल १९, लोकांत मिसळण्याच्या क्रमांत बदल १८, झोपेच्या वेळांत १६, जेवणाखाण्याच्या पद्धतींत १५. घर बदललें कीं हे सारे बदल पाठोपाठ येतात. आत्याबाईंची बेरीज आम्हीं कागदावर मांडून पाहिली; ती १३७ भरली. असल्या आंकड्यांवर किती विसंबावें हा प्रश्न निराळा. परंतु ओझें घराचें नसून घराबरोबर सुटणाऱ्या संवयींचें असतें, एवढें तरी त्यावरून निश्चित कळतें. आणि संवयी ह्या जागेला बांधलेल्या असतात. सामान खोक्यांत घालून नेतां येतें. माणसाची घरांतील जागा तशी नेतां येत नाहीं, ती नव्या घरांत मुद्दाम निर्माण करावी लागते. तेव्हां सामान बांधण्यापूर्वीं माणसांच्या जागा ठरवाव्या, हा आमच्या सांगण्याचा सारांश आहे.

हा धडा गिरविण्याचा प्रसंग आमच्यावर २०२२ सालीं आला. कोथरूडची ती इमारत पाडून नवी बांधावयाची ठरली, आणि नवी तयार होईपर्यंत जवळच भाड्याचें घर घेणें प्राप्त झालें. मातोश्री आतां पंचाऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. घरांत सुना आल्या होत्या. बंधूंची नात तेरा वर्षांची, आमचा नातू सहा वर्षांचा. ह्या खेपेस आम्हीं खोकीं आणण्याच्या अगोदर दोन महिने, एका रविवारीं जेवणें झाल्यावर सर्वांस एकत्र बसविलें, व नव्या घराचा नकाशा कागदावर काढून मध्यें ठेवला. त्या नकाशांत पलंग व कपाटें मांडावयाचीं नाहींत, असें आधींच सांगितलें. प्रत्येकास एकच विचारलें: ह्या घरांत तुमची जागा कोणती, आणि तेथून तुम्हांला काय दिसतें, काय ऐकूं येतें?

उत्तरें ऐकून आम्ही चकित झालों. मातोश्री म्हणाल्या कीं, दारालगतच्या खुर्चींत बसलें म्हणजे लिफ्ट थांबल्याचा आवाज येतो, व कोण घरीं आलें हें दार उघडण्यापूर्वींच कळतें. वहिनींची जागा स्वयंपाकघराच्या ओट्याचें पूर्वेकडील टोंक, जेथें सकाळचें ऊन येतें. नातीची जागा खिडकीच्या कट्ट्यावर, पडद्याआड. नातवानें टेबलाखालीं बोट दाखविलें. आमच्या सूनबाई मात्र बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत, मग हंसून म्हणाल्या, "मला अशी जागाच नाहीं." त्या घरून कार्यालयाचें काम करीत, तें पलंगाच्या कडेवर बसून, मांडीवर यंत्र घेऊन. चार वर्षें हें आमच्या डोळ्यांसमोर चाललें होतें, आणि आमच्यापैकीं एकालाही तें दिसलें नव्हतें. नव्या घराच्या नकाशांत पहिलें नांव त्यांचें लिहिलें गेलें: गॅलरीला लागून एक टेबल, एक खुर्ची, आणि एक खण, ज्याला दुसऱ्या कोणीं हात लावावयाचा नाहीं. एकत्र कुटुंबांत भांडणें होतात तीं बहुधा फळीवरून व खणावरून होतात. तीं सामान उघडतांना मिटविण्यापेक्षां कागदावर मिटविणें सोपें, हाही अनुभव त्या दिवशीं आला.

वृद्ध माणसांची गोष्ट सर्वांत नाजूक. मातोश्रींना आम्ही नव्या घरीं पांच वेळां आधींच घेऊन गेलों. दोनदां दिवेलागणीनंतर, कारण वृद्धांस घर परकें वाटतें तें बहुधा संध्याकाळीं. पलंग अशा बेतानें मांडला कीं, उठल्यावर ज्या हाताला न्हाणीघर पूर्वीं येई त्याच हाताला तें यावें. वाटेंत रात्रभर जळणारा लहान दिवा, न्हाणीघरांत धरावयास दांडी, वाटेवर गालिचा किंवा सतरंजी नाहीं. खोलींत तीच चादर, तेंच घड्याळ, तीच तसबीर, आणि हें सारें त्या पोंचण्यापूर्वीं लावून तयार. सामान हलविण्याच्या दिवशीं त्यांना भगिनींकडे ठेवलें, व सर्व गडबड निवल्यावर संध्याकाळीं जेवणाच्या वेळीं आणलें. चष्मा, कवळी, ऐकण्याचें यंत्र, पंधरा दिवसांचीं औषधें व डॉक्टरांच्या चिठ्ठ्या हीं खोक्यांत घालावयाचीं नाहींत. तीं माणसाबरोबरच जावयाचीं. आणखी एक गोष्ट आम्हीं कटाक्षानें पाळली. माळ्यावरचा पाटा-वरवंटा कोणी वापरीत नव्हतें, आणि तो उचलावयास दोन माणसें लागत. तरी मातोश्रींनीं "असूं दे" म्हणतांच तो बरोबर घेतला. अडगळ अवश्य काढावी, परंतु ती ज्याची त्याला विचारून; आणि प्रत्येकास एक तरी निरुपयोगी वस्तु, कारण न सांगतां, बरोबर नेण्याची मुभा असावी.

मुलांच्या बाबतींत वेळ साधणें महत्त्वाचें. महाराष्ट्रांत शाळा जूनच्या मध्यास उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास येतो. म्हणून एप्रिल अखेर किंवा मे महिना हाच सोयीचा. चातुर्मासांत गृहप्रवेश टाळण्याची आपली चाल आहे. ज्यांनीं भर श्रावणांत गाद्या उघड्या लॉरींतून नेल्या असतील त्यांस तींतील शहाणपण पटवून द्यावयास नको. शाळाही बदलावयाची असल्यास हें लक्षांत ठेवावें कीं, २००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्यान्वयें आठवीपर्यंतच्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकांनीं तात्काळ द्यावयाचा असतो, व तो येण्यास उशीर झाला एवढ्या कारणावरून सरकारी अथवा अनुदानित शाळेस प्रवेश लांबवितां किंवा नाकारतां येत नाहीं. नातवास आम्हीं एक लहान खोकें दिलें. त्यानें तें स्वतः भरलें, वर नांव घातलें, व स्वतःच्या हातानें वर नेलें. त्यांत काय होतें हें आम्हीं विचारलें नाहीं. नातीचें दुःख अर्थात् मैत्रिणींचें होतें, आणि त्या वयांत तें थोर असतें. "नव्या मिळतील" असें तिला कोणीं म्हणूं नये असें ठरविलें. महिन्यांतला एक रविवार जुन्या मैत्रिणींचा, हें मात्र नक्की करून दिलें व तें पाळलें.

स्वयंपाकघराचा भार स्त्रियांवर पडतो, व तो पुरुषांस दिसत नाहीं. सामान पोंचलें कीं आम्ही पुरुष मंडळी "हुश्श" करून बसतों. आणि तेव्हांच कोणीतरी चहा मागतो. म्हणून आमच्या सौभाग्यवतींनीं एक खोकें निराळें बांधलें व त्याला "पहिला दिवस" असें नांव दिलें: चहा, साखर, पोहे, मीठ, तेल, तवा, कुकर, विळी, काडेपेटी, मेणबत्ती, सुईदोरा, साबण, एक पंचा. हें सर्वांत शेवटीं चढवावयाचें, म्हणजे सर्वांत आधीं उतरतें. शिवाय पहिले तीन दिवस दोन्ही वेळचा डबा बाहेरून आणावयाचा असें ठरलें, आणि त्याबद्दल कोणीं कुरकुर केली नाहीं. लोणच्याच्या बरण्यांचीं तोंडें दादरा बांधून, त्या पिंपांत कपड्यांमध्यें उभ्या ठेवून नेल्या. नवें कैरीचें लोणचें मात्र वहिनींनीं मुद्दाम लांबविलें व नव्या घरींच घातलें. पुस्तकें लहान खोक्यांत भरावीं. मोठ्या खोक्यांत तीं उचलवत नाहींत. फ्रिज उभाच न्यावा, व पोंचल्यावर कांहीं तास तसाच ठेवून मग सुरू करावा. दागिने, दस्तऐवज, दाखले, बँकेचीं पुस्तकें हीं एका पिशवींत, आणि ती पिशवी एकाच माणसाच्या खांद्यावर. गॅसच्या विक्रेत्यास, बँकेस, टपालकचेरीस व शिधापत्रिकेच्या कचेरीस नवा पत्ता वेळेवर कळवावा. मतदारयादींतील पत्ता बदलण्यासाठीं आठव्या नमुन्याचा अर्ज लागतो. निवडणुका जवळ आल्यावर तो आठवण्यापेक्षां आधींच भरलेला बरा.

देवांसंबंधीं एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. नव्या घरांत प्रथम देव न्यावे, पाण्यानें भरलेला कलश व धान्य ठेवावें, दिवा लावावा, आणि चुलीवर दूध तापवून तें उतूं जाऊं द्यावें, ही आपल्या घराघरांतील रीत. श्रद्धा असो वा नसो, हा क्रम फार शहाणपणाचा आहे. पाणी, धान्य, अग्नि, उजेड, आणि ज्यांच्याकडे पाहून मन थाऱ्यावर येतें अशा मूर्ति. एवढें असलें कीं मोकळ्या भिंतींचें घर होतें. बाकीचें सामान आठ दिवसांनीं उघडलें तरी चालतें. वास्तु "तथास्तु" म्हणत असते, म्हणून घरांत वाईट बोलूं नये, असेंही वडीलधारीं माणसें सांगत. "जुनें घर किती छान होतें" हें वाक्य निदान पहिला महिना मुलांदेखत उच्चारावयाचें नाहीं, एवढाच अर्थ आम्हीं त्यांतून घेतला, व तो फार उपयोगी पडला.

जुन्या घराचा निरोपही नीट घेतला पाहिजे. शेजाऱ्यांकडे जाऊन यावें, नवा पत्ता लिहून द्यावा. आमच्याकडे एकोणीस वर्षें धुणीभांडीं करणाऱ्या बाईंना इमारत पडणार हें आम्हीं प्रथम सांगितलें नव्हतें, त्यांनींच एके दिवशीं वहिनींना विचारलें, "ताई, मग माझं काय?" आम्ही नवें घर शोधीत होतों, आणि त्यांचीं मात्र त्या एकाच इमारतींतलीं चार घरें एकदम जाणार होतीं. शेजाऱ्यांशीं बोलून दोन महिन्यांचा पगार सर्वांनीं मिळून दिला, व जवळच्याच दोन घरीं त्यांचें काम लावून दिलें. हें आधींच सुचावयास हवें होतें. घर बदलतांना यादी करावयाची ती आपल्या घराच्या उंबऱ्याशीं संपूं नये. शेवटच्या दिवशीं मोकळ्या खोल्या सौभाग्यवतींनीं झाडून घेतल्या, उंबऱ्यावर रांगोळी घातली, आणि नातवास प्रत्येक खोलींतून एकदां फिरवून आणलें. त्यानें टेबल होतें त्या जागेवर थोडा वेळ बसून घेतलें. कोणी त्यास उठविलें नाहीं.

एवढें सारें करूनही पहिल्या रात्रीं आम्हांला झोंप आली नाहीं. अडीच वाजण्याच्या सुमारास मातोश्रींच्या खोलींत हालचाल ऐकूं आली. आम्ही अंथरुणावर उठून बसलों. परंतु गेलों नाहीं, कारण धांवत गेलों तर त्या दचकतील असें वाटलें. पलंगाची कुरकुर झाली. मग भिंतीवरून फिरणाऱ्या हाताचा आवाज, मग पावलें. तीं थांबलीं. क्षणभर आमच्या मनांत अठ्ठावीस वर्षांपूर्वींची ती रात्र उभी राहिली. मग पावलें सावकाश उजवीकडे वळलीं, न्हाणीघराच्या दिव्याचें बटण वाजलें, आणि थोड्या वेळानें तीं तशींच परत आलीं.

सकाळीं आम्हीं त्यांना विचारलें, झोंप लागली कां? त्या दाराशेजारच्या आपल्या खुर्चींत बसल्या होत्या. "लागली कीं," त्या म्हणाल्या, "पण इथली लिफ्ट फार हळू वाजते बरं का. कान द्यावा लागतो."